मॅकार्डलांच्या पोथीचं शेवटचं पान

१

"शेवटचं पान गेलंय," डेसी म्हणाला, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या सासऱ्यांकडे वळल्या.

सगळे म्हणजे आम्ही मोजून पाच माणसं. पण २०२१च्या जूनमध्ये आयर्लंडच्या ड्रोहेडातल्या एका परसात पाच माणसं चहाला जमणं म्हणजे आमच्यासाठी लग्नच होतं. सव्वा वर्ष एकमेकांना खिडकीतून हात केल्यावर पहिल्यांदा समोरासमोर बसलो होतो, आणि पहिल्याच कपाला हे!

परस नुआलाचं. नुआला मॅकार्डल, वय एक्याऐंशी, आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. चाळीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम केलं, लग्न केलं नाही, भावंडं एकेक करून गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन कोविडपायी पुढे पुढे चाललेलं. तरी बाई बोटांच्या अंदाजाने मशीन चालवायची. मागच्या वर्षी अख्ख्या गल्लीला मास्क तिनेच शिवून दिले.

डेसी इथल्या इतिहासमंडळाचा. साठी ओलांडलेला, टापटीप, आणि सगळं आपल्यालाच माहीत असा चेहरा करून फिरणारा. चौथी मेरिअन, नुआलाकडे आठवड्यातून तीनदा मदतीला येणारी. आणि पाचवे आमचे अण्णा, म्हणजे मोरेश्वर, माझे सासरे. फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आले होते. परतीचं विमान रद्द झालं ते झालंच.

पान गेलं होतं ते नुआलाच्या घरातल्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं. अण्णा त्याला पोथी म्हणायचे. अडीचशे वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका वाडीत फेलिक्स मॅकार्डल नावाचा मास्तर होता. त्याने पोथीच्या शेवटच्या पानावर आपल्या मुलांची नावं स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्या वाडीची चर्चची वही पुढे पन्नास वर्षांनी सुरू होते, त्यामुळे पुरावा म्हणाल तर तेवढं एक पान.

आता या पानाचं एवढं कौतुक कशाला, तर कॅरलसाठी. कॅरल पेनसिल्वेनियात राहते, वय चौऱ्याहत्तर. तिचा मूळपुरुष ओवेन मॅकार्डल आयर्लंडहून कराराने राबायला अमेरिकेत गेला आणि मालकाकडून पळाला. मालकाने १७७६च्या वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात तिला तोंडपाठ होती: 'पळून गेला आहे. आयरिश नोकर, ओवेन, वय अठरा, लोहारकाम जाणतो, चालताना गातो.' पुढे याच ओवेनने मुलाचं नाव फेलिक्स ठेवलं आणि मुलीचं ऑनर. इकडे नुआलाची आजी सांगायची, की फेलिक्स मास्तरांचा एक मुलगा अमेरिकेला गेला. कोणता, ते आजीलाही माहीत नव्हतं.

डिसेंबरपासून दर रविवारी पाच वाजता कॅरलचा फोन यायचा, आणि त्या दिवशी नुआला चांगला कार्डिगन घालून बसायची. जगात तिचं रक्ताचं कोणी उरलं असेल, तर ही कॅरल. कॅरल नसेल, तर कोणीच नाही. कॅरलने नेमलेल्या संशोधकाने एप्रिलमध्येच डेसीकडे त्या पानाचा फोटो मागितला होता, आणि भेटीगाठी सुरू झाल्या तसा डेसी कॅमेरा घेऊन आला होता.

"मागच्या महिन्यात पोथी दोन दिवस यांच्याकडे होती," डेसी माझ्याकडे बघून म्हणाला. 'यांच्याकडे' म्हणताना हनुवटी अण्णांकडे. "त्यानंतर कोणी उघडलीय?"

"अरे, जाऊ दे ना," नुआला घाईघाईने म्हणाली. "जुनी वस्तू. पडलं असेल कुठेतरी. ग्रँड आहे सगळं. स्कोन घ्या कोणीतरी."

"पान असं पडत नाही, नुआला."

अण्णांना इथलं इंग्रजी निम्मंच कळतं. "काय म्हणतोय तो?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, उठले, नुआलाला नमस्कार केला आणि भिंतीला वळसा घालून घरी निघून गेले. स्कोन, इथला गोडसर पाव, तसाच बशीत.

मला असा संताप आला म्हणून सांगू! सून आणि सासरा यांचं जगात कुठे पटतं, आमचंही फार पटत नाही. पण माझ्या घरच्या माणसाला चोर म्हणायचा हक्क मी डेसीला दिलेला नव्हता.

"डेसी," मी म्हटलं, "पोथी जरा इकडे द्या."

२

मी औषधांच्या कारखान्यात आहे. तिथे काही बिघडलं की कुठे बिघडलं ते शोधून काढणं हे माझं काम. बारा वर्षांत एक गोष्ट शिकले: माणसावर बोट ठेवायच्या आधी वस्तू बघायची. माणसं सारवासारव करतात, वस्तूला ते जमत नाही.

पोथी हातात घेतली. पानं पिवळी, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. डेसीने पान आहे का नाही एवढंच पाहिलं होतं. मी शिवण पाहिली. सगळ्या पोथीचा दोरा मळका, तपकिरी, जुना. शेवटच्या घडीला मात्र जांभळा. नवाकोरा. बारीक टाके आणि शेवटी एकाला एक लागून दोन गाठी.

म्हणजे कोणीतरी जुना दोरा उसवला, पान अलगद काढलं, आणि बाकीची पानं सुटू नयेत म्हणून घडी पुन्हा शिवून ठेवली.

"बघते हं," म्हणून पोथी परत दिली आणि घरी आले.

उपेंद्र, माझा नवरा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन लावून बसला होता. ऑफिस डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला, पण सव्वा वर्ष आमच्याच ओट्याशेजारी भरत होतं. "काय झालं? अण्णा खोलीत जाऊन दार लावून बसलेत," तो म्हणाला.

"तुझ्या वडिलांना चोर ठरवलंय."

"थांब, मी म्यूटवर नाहीये!"

"मग ऐकू दे तुझ्या टीमला."

दार वाजवून आत गेले. अण्णा पलंगावर ताठ बसले होते.

"उल्का, माझे मामा नाशिकचे क्षेत्रोपाध्ये," ते म्हणाले. हे मी शंभरदा ऐकलं होतं, पण या वेळी अडवलं नाही. "माडीवर यजमानांच्या नावांची बाडं होती. माणूस गोदेवर यायचा, आडनाव नि गाव सांगायचा, आणि मामा त्याला पणजोबाचा लेख काढून दाखवायचे. मग तो आपल्या हाताने खाली पोराबाळांची नावं लिहायचा. दहा वर्षांचा असल्यापासून मी ती बाडं उलगडून देत होतो. एका पानाला कधी दुमड पडू दिली नाही. आणि मी पान चोरीन?"

"नाही हो अण्णा."

"मग तो सुटाबुटातला माणूस?"

"डेसीला पान हवंच होतं. पण तो फोटो काढायला आला होता, आणि पान नाही म्हटल्यावर ओरडलाही तोच पहिला."

"ती मेरिअन?"

"विचारते. पण अण्णा, एक सांगा. चोर पान नेतो तेव्हा काय करतो?"

"फाडतो."

"आणि फाडल्यावर सुई-दोरा घेऊन पुस्तक शिवत बसतो का?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तो चोर नव्हे मग," ते म्हणाले. "पोथी जपणारा आहे कोणीतरी."

३

मेरिअन मला दुसऱ्या दिवशी फाटकाशी भेटली. कचऱ्याचे डबे आत घेत होती. मी सरळ विचारलं, पान तू पाहिलंस का. ती चिडली नाही. उलट भडभडा बोलायला लागली, जसं कोणी विचारायचीच वाट बघत होती.

"पानाचं मला माहीत नाही. पण तिचं काहीतरी बिनसलंय हे माहीत आहे. तुझ्या सासऱ्यांनी तो मोठा तक्ता आणला ना, मॅकार्डलांच्या घराण्याचा, त्या दिवसापासून. त्यांनी एकेक नाव वाचून दाखवलं, तिला कुठे दिसतंय! ती म्हणाली, ग्रँड. डबाभर स्कोन दिले त्यांना. आणि ते गेल्यावर कोट घालून पुढच्या खोलीत बसून राहिली. दोन तास."

अण्णा घरी येऊन आनंदाने सांगत होते, 'ग्रँड म्हणाली!' ग्रँड म्हणजे झकास. पाच वर्षं इथे काढल्यावर मला एक कळलंय. इथे माणूस पाय मोडला तरी ग्रँडच असतो.

"आणि गेल्या रविवारी," मेरिअन आवाज बारीक करून म्हणाली, "मला सांगितलं, कॅरलला मेसेज कर, मला सर्दी झालीय, आज फोन नको. कसली सर्दी! चांगला कार्डिगन घालून बसली होती तशीच."

मी मास्क वर ओढायला हात नेला आणि थबकले. मास्क काढून उलटा केला. आतल्या शिवणीत जांभळा दोरा. बारीक टाके, शेवटी दोन गाठी.

पान नुआलानेच काढलं होतं.

तडक घरी आले. "अण्णा, त्या पानावर काय होतं?"

"आता का? तक्ता दिला तेव्हा तुला बघायला वेळ नव्हता," ते म्हणाले. बोलणं बरोबर होतं, माझी सलग नाइट शिफ्ट चालली होती. त्यांनी आपली वही काढली. भिंगाखाली धरून एकेक अक्षर जसंच्या तसं उतरवलेलं. अशी नक्कल आमच्या कारखान्यात कोणी केली तर मी त्याला पेढे देईन. मराठीत सांगायचं तर असं होतं:

*बर्नार्ड, ११ जून १७४७. ह्यू आणि कॅथरिन.*
*ओवेन, ९ मार्च १७५१. पॅट्रिक आणि मेरी.*
*रोझ, २० ऑक्टोबर १७५४. टेरेन्स आणि अॅन.*
*ओवेन बुडाला, २ एप्रिल १७५७.*
*ओवेन, ४ एप्रिल १७५८. जेम्स आणि ऑनर.*

"बर्नार्ड हा नुआलाचा पूर्वज," अण्णा बोट ठेवत म्हणाले. "रोझ मुलगी. आणि हा ओवेन, बिचारा सहा वर्षांचा असताना बुडाला."

"मग खाली पुन्हा ओवेन?"

"वर्षश्राद्ध. बघ ना, बरोब्बर वर्षाने. दोन दिवस मागेपुढे, ते सोयीप्रमाणे होतंच. यांच्यातही वर्षाने प्रार्थना करतात, नुआलानेच सांगितलं होतं. बापाने आठवण लिहून ठेवली. तक्त्यात मी ती घेतली नाही, एकच माणूस दोनदा कशाला? ओवेन, जन्म १७५१, मृत्यू १७५७, एवढंच लिहिलं."

मी खाली बसले. "अण्णा, ती रविवारी फोन करणारी कॅरल आहे ना, तिच्या पूर्वजाचं नाव ओवेन. १७७६ला तो अमेरिकेत होता." जाहिरात, त्याच्या मुलांची नावं, सगळं त्यांना सांगितलं.

अण्णांचा चेहरा हळूहळू उतरला. "मला वाटलं ती नुसती मैत्रीण आहे."

"फेलिक्सला मुलगे दोनच. बर्नार्ड इथेच राहिला, ओवेन बुडाला. म्हणजे अमेरिकेला जायला कोणी उरलंच नाही. कॅरल तिची कोणी नाही. तुम्ही तिला तेच वाचून दाखवलंत आणि तिने स्कोन दिले."

म्हणून तिने पान काढलं. फोटो गेला असता, संशोधकाने कॅरलला कळवलं असतं, आणि रविवार संपले असते.

मग अण्णा उठले आणि कपाटातून कोट काढला.

"डेसीचं घर माहीत आहे ना तुला? चल. पान माझ्या हातून भिजलं, घाबरून फेकून दिलं, असं सांगतो त्याला."

"तुम्ही? खोटं? वंशावळीत माया चालत नाही, पुरावा चालतो, हे कोण म्हणतं रोज?"

"मग त्या बाईला उघडं पाडू का चारचौघांत?" अण्णा माझ्यावर डाफरले. "मी काय, विमान सुरू झालं की जाणार. मला चोर म्हणाले काय नि गाढव म्हणाले काय. तिला इथेच राहायचंय."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला हा माणूस माझा वाटला.

४

डेसीने आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं, दोन मीटर अंतर राखून. अण्णांनी रस्ताभर पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हटलं. पेज. वॉटर. माय मिस्टेक. व्हेरी सॉरी.

डेसी लालबुंद झाला. "अडीचशे वर्षं टिकलं होतं ते!" तो म्हणाला, आणि आणखीही बरंच, ते मी अण्णांना सांगितलं नाही. अण्णा मान खाली घालून बसले होते. बोलून बोलून डेसीचा जोर ओसरला. घरात जाऊन चहा घेऊन आला. या लोकांचं हे बरं असतं, शिव्या दिल्यावरही चहा देतात.

"निदान होतं काय त्यात, ते तरी आठवतंय का?" त्याने विचारलं.

"विशेष नाही," मी म्हटलं. "तीन मुलं. त्यातला एक ओवेन, लहानपणीच बुडाला."

"बिचारी आई," डेसी म्हणाला. कपाकडे बघत राहिला. "आमच्या घरीही होतं तसं. माझ्या आधीचा डेस्मंड तीन महिन्यांचा होऊन गेला. आई मला त्याचेच कपडे घालायची. लहान असताना दफनभूमीत त्याच्या दगडावर माझंच नाव दिसायचं, फार भीती वाटायची."

अण्णांनी माझी बाही ओढली. "काय म्हणाला? कोणाचं नाव?"

"त्याचा भाऊ, डेस्मंड, तान्हा असताना गेला."

"डेस्मंड तर हा."

"हाही. त्याच्या पाठचा."

"गेलेल्या पोराचं नाव पाठच्याला ठेवलं?" अण्णा जवळजवळ ओरडले. "असं कसं ठेवलं?"

मी डेसीला विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. "असं कसं म्हणजे? आजोबांचं नाव होतं ते. घरात राहायला नको? पूर्वी तर सर्रास ठेवायचे. एकेका दगडावर तीन-तीन पीटर सापडतील तुला."

आमच्याकडे पोर गेलं की त्याचं नाव घरात कोणी उच्चारतसुद्धा नाही. पाठच्याचं नाव दगडू ठेवतील, धोंडू ठेवतील, काळाची दृष्ट चुकवायला. पण तेच नाव? कोणाची छाती आहे!

अण्णा उभे राहिले होते. चहा सांडला होता, तिकडे लक्षच नाही. "उल्का, वही," ते म्हणाले. "वही घरी राहिली. घरी चल. आत्ताच्या आत्ता."

५

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मला नुआलाचं धुराडं दिसलं. धूर निघत होता.

आयर्लंडच्या जूनमध्ये शेकोटी पेटवतात, नाही असं नाही. पण त्या दिवशी चक्क ऊन होतं. इथे ऊन पडलं की लोक अर्धी चड्डी घालून आइसक्रीम खातात.

"अण्णा, ती पान जाळतेय!"

एकाहत्तर वर्षांचा माणूस माझ्यापुढे धावला. दार उघडंच होतं. नुआला शेकोटीसमोर बसली होती, मांडीवर काहीच नाही. आत कागदाची राख दिसत होती.

"नुआला, पान जाळलंस?" मी विचारलं. प्रस्तावना करायला दमच नव्हता.

तिने आमच्याकडे पाहिलं. नाकारलं नाही. "डेसीचा फोन आला होता आत्ता," ती म्हणाली. "मॉरी म्हणतो त्याने पान फेकून दिलं. माझ्यासाठी खोटं बोलला हा माणूस." अण्णांना ती मॉरी म्हणते. "लाज वाटली गं मला. म्हटलं, जाळून टाकावं आणि डेसीला सांगावं मीच जाळलं. तीनदा हात पुढे केला. शेवटी वीजबिलं जाळली."

तिने कार्डिगनचं बटण काढलं. आतल्या बाजूला जांभळ्या दोऱ्याने शिवलेला एक खिसा होता. त्यातून तिने ते पान काढलं आणि अण्णांच्या हातात दिलं.

अण्णांनी ते उजेडात धरलं. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि मला म्हणाले, "मी सांगतो तसं सांग तिला. एक शब्द गाळू नकोस."

"आधी हे, की घोळ माझा आहे. मी आमच्या डोळ्यांनी वाचलं. आमच्यात गेलेल्या पोराचं नाव पुन्हा ठेवत नाहीत, म्हणून दोन ओवेन मला एकच वाटले.

"आता ओळी बघ. बर्नार्डपुढे दोन नावं आहेत. पहिल्या ओवेनपुढे दोन. रोझपुढे दोन. हे कोण?"

"गॉडफादर, गॉडमदर," नुआला म्हणाली. "बाप्तिस्म्याला मूल धरतात ते."

"बुडाला त्या ओळीपुढे नावं आहेत का? नाहीत. मरणाला कोणी मूल धरत नाही. आणि शेवटची ओळ. ओवेन, १७५८. जेम्स आणि ऑनर. वर्षश्राद्धाला ही दोघं कशाला हवीत? ही बाप्तिस्म्याची ओळ आहे. फेलिक्सला तिसरा मुलगा झाला, आणि त्याने गेलेल्याचं नाव त्याला दिलं."

मी भाषांतर करत होते आणि माझाच आवाज चढायला लागला. आकडे मला दिसले होते. "अण्णा, जाहिरात! १७७६, वय अठरा!"

"कर वजाबाकी."

"सतराशे अठ्ठावन्न!"

"बुडालेला जगला असता तर पंचवीसचा असता. अठरा वर्षांचा हा धाकटा. आणि त्याने अमेरिकेत मुलीचं नाव काय ठेवलं म्हणतेस?"

"ऑनर," नुआला हळूच म्हणाली. "त्याला धरणारीचं." तिने हात पुढे करून पानावर ठेवला, जिथे ओळ असेल असं तिला वाटलं तिथे. जरा चुकला. अण्णांनी तिचं बोट उचलून खालच्या ओळीवर नेलं.

मग ती रडली. चांगली हुंदके देऊन, एक्याऐंशी वर्षांची बाई. अण्णांनाही काय करावं कळेना, ते "ग्रँड, ग्रँड" म्हणत तिच्या खांद्यावर थोपटत राहिले.

६

रविवारी, वीस जूनला, पाच वाजता आम्ही सगळे नुआलाच्या पुढच्या खोलीत होतो. लसी झालेल्या, खिडक्या सताड उघड्या. डेसीही होता. त्याने अण्णांची माफी मागितली होती, म्हणजे त्यांना अंड्यांचा एक ट्रे आणून दिला होता. इथे तेच माफी मागणं. उपेंद्रने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि कॅरल भिंतीएवढी झाली.

डेसीने पान दाखवलं, मी हिशोब सांगितला. कॅरल दोन्ही हात तोंडावर ठेवून ऐकत होती. पण नुआलाने मला मध्येच थांबवलं.

"आधी मला बोलू दे," ती म्हणाली. "कॅरल, मी हे पान लपवलं होतं. मला वाटलं, यात लिहिलंय की तू माझी कोणी नाहीस. तुला कळलं असतं तर तू फोन करायची थांबली असतीस. सर्दीबिर्दी काही नव्हती मला. खोटं बोलले."

कॅरल उठली आणि कॅमेऱ्यासमोरून गेली. रिकामी खुर्ची दिसत राहिली. नुआलाला धड दिसत नव्हतं, ती मला विचारत होती, "आहे का ती? गेली का?" खरं बोलायची ही वेळ होती का बाई?

खणाचा आवाज झाला. कॅरल परत आली, हातात एक कागद. तो तिने कॅमेऱ्यापुढे धरला.

"माझ्या संशोधकाचं पत्र," ती म्हणाली. "तारीख वाचा कोणीतरी."

"तीन मे," डेसीने वाचलं.

"त्याने लिहिलंय, या ड्रोहेडाच्या बाई तुमच्या नात्यातल्या असण्याची शक्यता फार कमी आहे. दुसऱ्या घराण्याचा शोध घ्यावा. पुढचे पैसे वाया घालवू नयेत. मी हे वाचलं आणि खणात टाकलं, चमच्यांखाली."

मी मनात मोजलं. तीन मेपासून सर्दीच्या रविवारापर्यंत पाच रविवार. पाचही वेळा हिने फोन केला होता. ती जाहिरात वाचली होती, हसली होती, नुआलाच्या गुडघ्यांची चौकशी केली होती.

"तुला माहीत होतं?" नुआला म्हणाली. "मी तुझी कोणी नाही असं वाटत होतं तुला, इतके आठवडे?"

"हो."

"मग फोन का करत होतीस?"

कॅरल जरा गोंधळली, प्रश्नच विचित्र असल्यासारखी.

"रविवार होता म्हणून," ती म्हणाली.

अण्णांनी माझी बाही ओढली. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.